‘फार वेळ’ म्हणजे किती तास?

आखाती युद्धात, २५ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री ८ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास सौदी अरेबियातल्या धहरानजवळ, अल खोबरमधल्या एका गोदामावर इराकचं स्कड क्षेपणास्त्र कोसळलं. गोदामात अमेरिकी सैनिकांची राहण्याची सोय केलेली होती. २८ जण गेले, शंभरेक जखमी झाले. हे क्षेपणास्त्र हवेतच अडवण्यासाठी तिथे पेट्रियट यंत्रणा उभी होती. ती चालू होती आणि तिच्यावर माणसंही हजर होती. तरी तिने त्या रात्री एकही क्षेपणास्त्र सोडलं नाही. तिचा कॉम्प्युटर शंभराहून जास्त तास सलग चालू होता. तो बंद करून चालू करायला ६० ते ९० सेकंद पुरले असते.

हा घटनाक्रम मी परभणी जिल्ह्यात लोकांचे अर्ज भरून देणारी सेवा केंद्रं चालवणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितो आहे. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पालम, कुठेही जा, केंद्रावर एखादा हुशार पोरगा असतोच, ज्याने रात्री मशीन आपोआप रिस्टार्ट व्हावं म्हणून दोन ओळींची फाइल लिहून ठेवलेली असते. चांगली गोष्ट आहे. पण त्या दोन ओळी नेमक्या कशासाठी आहेत आणि त्या किती तासांनी चालल्या पाहिजेत, हे ज्याला माहीत आहे त्याचाच प्रोग्रॅम वेळेला उपयोगी पडतो. धहरानला प्रोग्रॅमची एक ओळसुद्धा लागणार नव्हती, बटण पुरेसं होतं. तिथे नव्हता तो फक्त तासांचा आकडा.

११ फेब्रुवारी

धोका पहिल्यांदा इस्रायलच्या लक्षात आला. त्यांच्याकडेही पेट्रियट होत्या आणि त्यांनी त्यांना नोंदी ठेवणारं उपकरण जोडलेलं होतं. अमेरिकी तुकड्या तेच उपकरण जोडायला कचरत होत्या, त्याने यंत्रणा मध्येच बंद पडेल अशी त्यांना धास्ती होती. इस्रायलच्या नोंदी ११ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या पेट्रियट प्रकल्प कार्यालयात पोचल्या. यंत्रणा सलग ८ तास चालली की रडारची नजर २० टक्के सरकते, असं त्यात दिसत होतं.

कार्यालयाने हे खोटं मानलं नाही. दुरुस्ती सुरू झाली आणि १६ फेब्रुवारीला सुधारित सॉफ्टवेअर बाहेरही पडलं. पण १९९१ साली, युद्ध पेटलेलं असताना, सॉफ्टवेअर पोचवायचं म्हणजे ते माध्यमावर भरून विमानाने आणि पुढे गाडीने प्रत्येक तुकडीपर्यंत न्यायचं. त्याला दिवस लागणार होते.

तास ० : २१ फेब्रुवारी, दुपारी ४.४०

गोदामावरच्या आघातापासून शंभर तास मागे मोजले की आपण इथे येतो. या घटनेवरचा अमेरिकी सरकारी अहवाल ‘शंभराहून जास्त’ म्हणतो, म्हणजे यंत्रणा प्रत्यक्षात याच्याही थोडी आधी सुरू झालेली होती. हिशेबाला मी शंभरच धरतो.

आतलं घड्याळ शून्यावर आहे. ते सेकंदाचे दहावे भाग मोजतं आणि तासाला ३६,००० पर्यंत जातं. सेकंद काढायचे तर या संख्येला ०.१ ने गुणायचं. घोळ या ०.१ मध्येच आहे. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३ असं संपतच नाही. कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या पद्धतीत एक दशांशाची तीच गत होते. पेट्रियटच्या कॉम्प्युटरमध्ये त्याला २४ बिटांची जागा होती. उरलेली शेपटी कापली गेली आणि चूक राहिली ०.०००००००९५ एवढी. इतक्या बारीक चुकीकडे कुणी पाहिलं नाही, कारण यंत्रणेची कल्पना वेगळी होती. ती सोव्हिएत विमानांसाठी घडवलेली, सतत जागा बदलणारी, एका ठिकाणी काही तासच चालणारी होती. जागा बदलली की ती बंद व्हायची, आणि पुन्हा चालू होताना घड्याळ परत शून्यावर यायचं.

धहरानला मात्र ती हवाई तळाची राखण करत एकाच जागी उभी होती.

याच दिवशी, २१ फेब्रुवारीला, प्रकल्प कार्यालयाने सगळ्या तुकड्यांना संदेश पाठवला. यंत्रणा ‘फार जास्त वेळ’ चालवली तर नजर सरकू शकते आणि लक्ष्य हुकू शकतं, अशा अर्थाचा. फार जास्त म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. कोणी इतका वेळ सलग चालवत असेल असं पाठवणाऱ्यांना वाटतच नव्हतं. आणि ज्यांना तो मिळाला त्यांना आपण तसंच चालवतो आहोत हे कळायचा मार्ग नव्हता. ८ तासांचा आकडा दहा दिवसांपासून त्याच कार्यालयात होता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात याहून मोठी चूक दुसरी नाही. गणिताची चूक बरीच जुनी होती आणि ती करणाऱ्यांना हे युद्ध दिसणं शक्य नव्हतं. संदेश लिहिणाऱ्यांच्या हातात आकडा होता.

तास ८ : २२ फेब्रुवारी, रात्री १२.४०

घड्याळ ०.०२७५ सेकंद मागे पडलं आहे. स्कड सेकंदाला दीड-दोन किलोमीटर जातं, त्यामुळे एवढ्या चुकीने नजर ५५ मीटर सरकते. अजून भागतं आहे. आत्ता कोणी यंत्रणा बंद करून चालू केली तर सगळं जिथल्या तिथे येईल.

आपल्याकडे अशी वेळ पूर्वी आपोआप यायची. २००५ नंतरची काही वर्षं मराठवाड्यातल्या गावांनी जे लोडशेडिंग सोसलं ते कोणी विसरलेलं नाही. दिवसाचे कित्येक तास वीज नसायची, पिकं वाळायची, पोरांचे अभ्यास बुडायचे. त्या जाचात एक गोष्ट नकळत घडत होती. केंद्रातला कॉम्प्युटर रोज एकदा तरी पूर्ण बंद व्हायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा. आता इन्व्हर्टर आले, लॅपटॉप आले. संध्याकाळी झाकण मिटायचं, सकाळी उघडायचं. मशीन आठवडेच्या आठवडे जागं राहतं आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपण तर रोज बंद करतो.

जे खरोखर रोज ‘शट डाऊन’ करतात त्यांचीही यातून सुटका नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा विझत नाही. त्याची आहे तशी प्रत डिस्कवर ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. मशीन लवकर चालू होतं, पण काल साचलेलं आजही तसंच असतं. खरी सुरुवात ‘रिस्टार्ट’नेच होते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली ‘अप टाइम’ लिहिलेलं दिसेल. रोज शट डाऊन करणाऱ्यांच्या मशीनवर तिथे वीस-वीस दिवस दिसतात.

तास २० : २२ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

चूक ०.०६८७ सेकंद, सरक १३७ मीटर. इथे उंबरठा ओलांडला गेला.

पेट्रियटचं रडार आधी आकाशभर शोधतं. काही दिसलं की त्याचा वेग आणि जागा पाहून कॉम्प्युटर ठरवतो, पुढच्या क्षणी ते अमुक ठिकाणी असलं पाहिजे. मग रडार तेवढीच चौकट बघतं. चौकटीत ते सापडलं तर ते खरं लक्ष्य, नाही सापडलं तर भास समजून सोडून द्यायचं. वेळ चुकली की चौकट चुकते. पूर्णा जंक्शनवर गाडी तीन नंबरला लागावी आणि आपण एक नंबरवर रुळाकडे डोळे लावून बसावं, तसं. गाडी आलेली असते, आपणही जागे असतो. वीस तासांनंतर स्कड चौकटीच्या बाहेर पडलेलं होतं.

या क्षणापासून तळाची राखण करणारी यंत्रणा आंधळी झाली. पडद्यावर लाल दिवा नाही, इशारा नाही, खरखर नाही. शिपाई पाळ्या बदलत राहिले. आघाताला अजून ८० तास होते. या ८० तासांत दीड मिनिट सापडलं असतं तर पुरे होतं.

तास ४८ : २३ फेब्रुवारी, दुपारी ४.४०

०.१६४८ सेकंद. ३३० मीटर.

तास ७२ : २४ फेब्रुवारी, दुपारी ४.४०

०.२४७२ सेकंद. ४९४ मीटर. त्या दिवशी पहाटे ४ वाजता जमिनीवरची मोठी चढाई सुरू झाली होती. सगळ्यांचं लक्ष कुवेतकडे होतं. अशा दिवशी चालू यंत्रणा दीड मिनिट बंद ठेवा, असं म्हणायची हिंमत कोण करणार? ठोस आकडा दिलेला लेखी आदेश असता तर ती हिंमत कोणाला एकट्याने करावी लागली नसती.

७२ तास हा आकडा परभणीच्या शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. अतिवृष्टीने पीक गेलं की पीकविम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवायचं, असा नियम २०२४ च्या खरिपापर्यंत होता आणि तो सोयाबीनवाल्याला तोंडपाठ होता. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला जिल्ह्यात पावसाने कहर केला. शेतांची तळी झाली, सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. अशा वेळी ज्यांना मोबाइलवर कळवणं जमायचं नाही, ते चिखलातून सेवा केंद्र गाठायचे. आधार कार्ड, सातबारा, पावती, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेलं. रांग दाराबाहेर. आणि नेमकं मशीन अडकायचं.

‘‘मामा, जरा दम धरा, शिस्टीम हँग झाली.’’

‘‘कवर दम धरू? आज तिसरा रोज हाय, बाबा.’’

दर वेळी दोष मशीनचाच असतो असं नाही. अनेकदा पोर्टलच बसलेलं असतं, रेंज नसते. पण ब्राउझरच्या चाळीस टॅब, आठवडाभर न विझलेली मेमरी, अंगठ्याच्या मशीनचं गोठलेलं ड्रायव्हर, ही कारणं केंद्राच्या हातातली आहेत. त्यावरचा उपाय आदल्या रात्री दोन मिनिटांत होतो. सकाळी रांगेसमोर तोच उपाय करायचा तर अर्धवट भरलेला अर्ज जातो आणि सगळं पहिल्यापासून भरावं लागतं.

तास ९९ : २५ फेब्रुवारी, रात्री ७.४०

अल खोबरच्या त्या गोदामात पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्ग या छोट्या गावाची एक तुकडी उतरलेली होती, १४वी क्वार्टरमास्टर डिटॅचमेंट. हे नेहमीच्या अर्थाने लढणारे सैनिक नव्हते. पाणी शुद्ध करणं हे त्यांचं काम. राखीव दलातली माणसं, एरवी नोकरी-शिक्षण करणारी. ते १९ फेब्रुवारीला सौदीत पोचले होते, म्हणजे येऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. तुकडी होती ६९ जणांची. पत्र्याच्या छताखाली ओळीने खाटा होत्या.

धहरानचं नवं सॉफ्टवेअर वाटेत होतं.

तास १०० : २५ फेब्रुवारी, रात्री ८.४०

०.३४३३ सेकंद. ६८७ मीटर.

शोधताना रडारला काहीतरी दिसतं. कॉम्प्युटर पुढची जागा काढतो. रडार तिथे पाहतं. तिथे रिकामं आकाश आहे, कारण स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतरावर आहे. भास, सोडून द्या. पेट्रियट गप्प राहते.

स्कड गोदामावर पडतं. २८ मृतांपैकी १३ त्या पाण्याच्या तुकडीतले. तिचेच आणखी ४३ जण जखमी. ६९ पैकी ५६ जणांवर एका क्षणात घाला आला.

२६ फेब्रुवारी

सुधारित सॉफ्टवेअर धहरानला पोचलं.

२८ फेब्रुवारीच्या सकाळी युद्धविराम झाला.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९९२ मध्ये, अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने अहवाल दिला. वर दिलेले तास, सेकंद आणि मीटर त्यातल्याच तक्त्यातले आहेत. तो तक्ता जेमतेम सात ओळींचा आहे. २१ फेब्रुवारीच्या संदेशाला तो जोडलेला असता तर धहरानच्या शिपायाने घड्याळाकडे पाहून स्वतःच बटण दाबलं असतं.

त्यानंतरही जगाला हा धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागला. १४ सप्टेंबर २००४ ला दक्षिण कॅलिफोर्नियात हवाई नियंत्रकांचा विमानांशी बोलण्याचा संपर्क तीन तासांहून अधिक काळ तुटला. आकाशात शेकडो विमानं होती, काही एकमेकांच्या धोकादायक जवळ आली. त्या यंत्रणेत मिलिसेकंद मोजणारा काउंटर ४९.७ दिवसांनी संपत होता, म्हणून दर ३० दिवसांनी हाताने रिस्टार्ट करायचा नियम होता. एका खेपेला ते राहून गेलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला, वीजनिर्मितीची नियंत्रक यंत्रं सलग २४८ दिवस चालू राहिली तर विमानाची सगळी वीज जाऊ शकते, म्हणून त्याआधी ती बंद करून चालू करा. एअरबस ए३५० ला हीच मर्यादा १४९ तासांची घालून दिली गेली. या आदेशांमध्ये ‘फार वेळ’ हे शब्द नाहीत, आकडे आहेत. धहरानची किंमत मोजल्यावर शिकलेली ही पद्धत आहे असं मी मानतो.

आता आपल्या दोन ओळींकडे येतो. शटडाउनचा हुकूम, त्याला रिस्टार्टसाठी ‘आर’ आणि थांबण्यासाठी ‘टी’ जोडून पुढे सेकंद, एवढ्यावर प्रोग्रॅम तयार होतो. लिहायला पाच मिनिटं लागतात. जपायच्या गोष्टी पुढच्या आहेत. ‘टी’पुढे शून्य घालू नका. तीनशे घाला, म्हणजे पाच मिनिटांची सूचना मिळेल आणि कोणी कामात असेल तर ‘ए’चा हुकूम देऊन ते थांबवता येईल. सगळे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करणारा ‘एफ’ जोडण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि ‘टी’ला शून्याहून मोठा आकडा दिला की विंडोज ‘एफ’ आपणहून गृहीत धरतं, म्हणून न साठवलेला अर्ज त्यात जाणारच हे धरून चाला. ही फाइल स्टार्टअप फोल्डरमध्ये कधीही टाकू नका, मशीन चालू झालं की रिस्टार्ट, पुन्हा चालू झालं की रिस्टार्ट, असं ते फिरत राहील. टास्क शेड्युलरमध्ये पहाटे तीनची वेळ द्या. तिथे ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा’ असा एक पर्याय असतो, तो टिक करू नका. रात्री मशीन बंद असेल तर तो पर्याय सकाळी दुकान उघडल्यावर, रांग लागलेली असताना, रिस्टार्ट करून मोकळा होईल. रात्री लॅपटॉप मिटून घरी नेत असाल तर पहाटे तीनचा काही उपयोग नाही. मग दुकान बंद करताना शट डाऊनऐवजी रिस्टार्ट हाच नेम ठेवा.

शेवटची गोष्ट कागदाची. मशीनवर चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर तुमच्या अनुभवातला आकडा लिहा: इतक्या तासांनी हे मशीन मंदावतं, त्याआधी रिस्टार्ट. तुम्ही गावाला गेलात आणि केंद्रावर धाकटा भाऊ किंवा वहिनी बसली, तरी कोणाला विचारायची गरज पडू नये. ‘जास्त वेळ चालू ठेवू नका’ असं त्यावर लिहू नका. चोवीस लिहा, अठ्ठेचाळीस लिहा, पण आकडा लिहा. खरिपाच्या मुदतीची वाट पाहू नका. आज रात्री दुकान बंद करण्याआधी टास्क मॅनेजर उघडून ‘अप टाइम’ बघा आणि तो चिठ्ठीवर उतरवा.